एक हितचिंतक भगिनी

रिया, मागच्या महिन्यात तू मला एका उशीचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आजी, तुझं क्रॉस स्टिच परत फॅशनमध्ये आलंय!" मी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. ते क्रॉस स्टिच नव्हतं. क्रॉस स्टिचचं चित्र मशीनने कापडावर छापलेलं होतं. सुई नाही, दोरा नाही, नुसता टाक्याचा देखावा. तुझ्यावर मी रागावले नाही, कारण तुला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पण ज्याने ती उशी विकली त्याच्यावर पुढचे दोन दिवस रागावलेलीच होते. तुझे आजोबा म्हणाले, "अगं, साधी उशी आहे ती." साधी उशी असती तर मी काही बोलले असते का?

आणि ईशान, तू तुझ्या मित्राला सांगितलंस की आजी कुवेतमध्ये फोटोफ्रेमच्या दुकानात हेल्पर होती. तेही मी ऐकलं. तुम्ही टोरांटोत असलात तरी फोनवर मला सगळं ऐकू येतं. तेव्हा या अंकासाठी संपादकांनी लेख मागितल्यावर मी ठरवलं की एकदाचं नीट लिहून टाकावं. तुमची आई वाचून दाखवील.

मी हेल्पर नव्हते. तिथल्या हवल्ली भागातल्या एका दुकानात भरतकामाच्या फिनिशिंगचं टेबल माझं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढे दहा-बारा वर्षं. तुमचे आजोबा पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर, मी नाशिकहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. शाळेत शिकवायचं मनात होतं, ते व्हिसाच्या भानगडीत राहून गेलं. दोरे आणायला त्या दुकानात जात असे. मालकीण उम्म सामी, म्हणजे सामीची आई. पॅलेस्टिनी बाई. फुलीचा टाका तिच्या आजी-पणजीपासून घरात होता, त्यांच्या झग्यांवर छातीपासून पायापर्यंत तोच असतो. एकदा तिने माझ्या हातातला तुकडा उलटा केला, मागची बाजू बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "उद्यापासून ये." इतका छोटा इंटरव्ह्यू मी पुन्हा कधी दिला नाही.

काम काय, ते सांगते. क्रॉस स्टिचचं कापड जाळीसारखं, भोकांच्या ओळींनी विणलेलं असतं. नकाशा चौकटींच्या कागदावर असतो. एका चौकटीला एक फुली. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेला झुकला पाहिजे, नाहीतर उजेडात चित्र कुसळ लागल्यासारखं दिसतं. बायका वर्ष-वर्ष एकेक चित्र भरायच्या. फिलिपिनो नर्सेस ड्यूटीच्या मधल्या वेळात, आपल्या बायका मुलं शाळेत गेल्यावर, इंग्रज बायका एकमेकींच्या घरी गोल बसून. पूर्ण झालं की तुकडा माझ्याकडे यायचा. त्यावर हाताचं तेल, चहाचे थेंब, पेन्सिलच्या रेघा. मी तो धुवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायची, पालथा घालून इस्त्री करायची, मग पुठ्ठ्यावर ताणून पाठीमागून दोऱ्याने आवळायची. इकडून तिकडे, बुटाची नाडी बांधतात तसं. डिंक नाही. डिंक लावणाऱ्या फ्रेमवाल्यांची नावं उम्म सामी शिवीसारखी घ्यायची.

लोकांना हे काम वाटायचंच नाही. "नुसतं धुवायचं तर आहे" असं म्हणत दर कमी करून मागायचे. एक पुण्याचे इंजिनिअर बायकोने भरलेलं बागेचं चित्र घेऊन आले. म्हणाले, "टीव्हीच्या वर बसत नाहीये. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापून टाका, नुसती पानंच आहेत." मी म्हटलं, "तुमच्या मिसेसना विचारलंत?" ते म्हणाले, "तिला काय विचारायचं? टाइमपास आहे तिचा." मी उम्म सामीला अरबी-इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं. तिने कात्री उचलली, त्यांच्या टायकडे रोखली आणि विचारलं, "ही लांब आहे. कापू?" ते गृहस्थ चित्र घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची बायको एकटी आली आणि आम्ही ते पूर्ण बसवून दिलं. टीव्ही हलवला म्हणे.

आता या धंद्यातली एक गोष्ट, जी युरोपातल्या पुस्तकात सापडणार नाही. लाल दोरा कितीही चांगल्या कंपनीचा असो, गरम पाण्यात त्याचा भरवसा नसतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'थंड नळाखाली धुवा.' कुवेतमध्ये एप्रिल संपला की थंड नळ नावालाच थंड. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, त्यावर दिवसभर ते ऊन. दुपारी निळ्या खुणेच्या नळाखाली हात धरला तर पोळतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सगळे गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी आंघोळीला घ्यायचो. ते निदान घराच्या आत, सावलीत असायचं. दुकानात धुण्याचं पाणी आम्ही फ्रिजमध्ये बाटल्या भरून ठेवत असू.

महादेव आमच्याकडे आला तो लाल दोऱ्यासाठीच. आल्या आल्या उम्म सामीला वाटलं एसी दुरुस्त करायला आलाय, म्हणून तिने बोटाने एसी दाखवला. तसा तो एसीच्या कामातलाच होता. सुलैबियाच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचे डक्ट बनवायचा, खैतानला एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचा. मालवणकडचा. मी मराठी आहे कळल्यावर हिंदी सोडून सरळ घरच्या बोलीवर आला.

"वयनी, ह्याच लाल रंगाचो दोरो होयो. मॅचिंग."

"मिसेससाठी का?"

"मिसेस कधीच गेली. माज्यासाठी होयो. मी भरतंय."

मी थोडी चकित झाले, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तो लगेच तावातावाने बोलू लागला. मुलीचं लग्न ठरलं होतं. रुखवत कोण करणार? तुम्हाला रुखवत माहीत नसेल. लग्नात मुलीकडच्या बायका हाताने केलेल्या वस्तू मांडून ठेवतात आणि सगळा मांडव त्याभोवती फिरून 'हे कोणी केलं, ते कोणी केलं' विचारतो. मुलीची आई असती तर तिने केलं असतं.

"तिची आते म्हणता, बाजारातसून रेडिमेड हाड. माज्या चेडवाचा रुखवत मी इकत घेव? मी मेलंय काय?"

"पण तुम्हाला हे येतं कसं?"

"रोज डक्टाचे नकाशे वाचतंय. चौकोनच ते. ह्या त्याच्यापेक्षा सोपा." आणि पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळून आणलेलं कापड त्याने माझ्या टेबलावर उलगडलं.

सप्तपदी होती. लांब पांढरी पट्टी, कडेने हिरव्या विड्याच्या पानांची किनार आणि मधून चालत गेलेल्या पावलांच्या सात जोड्या, कुंकवासारख्या लाल. एक मोठं पाऊल, एक लहान. मुलीच्या पावलाचं माप त्याने वर्तमानपत्रावर आखून गावाहून मागवलं होतं. नवरदेवाचंही मागवलं, तेव्हा सोयऱ्यांना वाटलं बूट करतोय. दोन हिवाळे भरत होता, आणि सातवी जोडी अजून अर्धी होती. फुल्यांचे पाय सगळे एका दिशेला. मी मागची बाजू पाहिली. गाठी होत्या, दोरे लांब ओढलेले होते. तसं सांगितलं.

"मागना कोण बघता?" तो म्हणाला.

"मी बघते."

"मगे तुमी बघा, आनि कोणाक सांगू नकात." तो अजिबात लाजरा नव्हता. स्वतःच्या कामावर इतका खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. खोलीतले लोक त्याला चिडवत, तरी तो त्यांच्यासमोरच भरत बसायचा.

लग्न मे महिन्याच्या शेवटी होतं. तिकीट काढलेलं होतं. काम संपवून तो पट्टी फिनिशिंगसाठी माझ्याकडे ठेवून गेला. त्याच दिवशी कुवेतमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या महिला विभागाच्या प्रमुख, विद्याताई म्हणू या, दुकानात आल्या. शुक्रवारी महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. पट्टी पाहून त्यांनी हात जोडले. "अगं, रुखवताच्या टेबलावर हे काय शोभेल! दोन दिवसांसाठी दे." मी महादेवला फोन लावला. तो फोनवरच फुलला.

"न्या म्हणान सांगा. पण नाव लावा हां, ठळक. माज्या रूमवाल्यांका दिसाक होया."

मी विद्याताईंना दोन गोष्टी सांगितल्या. नाव महादेवचं लावा. आणि कापड अजून धुतलेलं नाही, लाल रंग आहे, पाणी लावू नका, परत आल्यावर मी धुणार आहे. "हो गं, मला कळत नाही का?" म्हणाल्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी असं काही बोललेच नाही, असं पुढे मंडळात सांगितलं गेलं.

शुक्रवारी मी हॉलवर पोहोचले तेव्हा महादेव आणि त्याचे खोलीवाले कंपनीची पिकअप घेऊन आधीच आले होते. सगळे इस्त्रीच्या शर्टात, एकाने तर अत्तर लावलेलं. रुखवताच्या टेबलामागे पट्टी टांगली होती. तिच्या खाली सुबक अक्षरात चिठ्ठी होती, 'सप्तपदी. सादरकर्ती : एक हितचिंतक भगिनी.'

महादेवने ती दोनदा वाचली. "वयनी, ही भगिनी कोण?"

मागून अत्तरवाला म्हणाला, "अरे म्हाद्या, तू भगिनी कदी झालंस? आमका सांगलंस नाय!" सगळे हसले. महादेव हसला नाही. तो पट्टीजवळ गेला होता, आणि मीही गेले, आणि आम्हाला दोघांना एकाच वेळी दिसलं. प्रत्येक लाल पावलाभोवती गुलाबी डाग पसरला होता. पांढरं कापड पांढरं राहिलेलं नव्हतं.

विद्याताई लगबगीने आल्या. "आवडलं ना? सगळ्याजणी विचारतायत."

"ताई, माजा नाव खय?"

"अहो, प्रदर्शन महिलांचं आहे. पुरुषाचं नाव लावलं तर कमिटीत प्रश्न येतो. आणि तुम्हीच विचार करा, एसीचं काम करणारा माणूस भरतकाम करतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? उलट मी तुम्हाला झाकून घेतलं."

"माका झाकूक कोणी सांगलेला?"

मी मध्ये पडले. "हे धुतलंत तुम्ही?"

"धुवावंच लागलं गं. वास येत होता, तळलेल्या बांगड्याचा. बॅचलर लोकांची खोली ती! मी स्वतःच्या हाताने धुतलं, इस्त्री केली. आणि थंड पाण्याने धुतलं हं, तेवढं मला कळतं."

"विद्याताई, या दिवसांत तुम्ही आंघोळ कुठल्या नळाने करता?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा ना. निळ्या नळाने करता?"

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. कुवेतमध्ये माझ्यापेक्षा जुनी बाई. स्वतःच्या अंगावर निळ्या नळाचं पाणी मे महिन्यात घेणार नाही, गीझर बंद करून त्यातलं घेईल. पण दुसऱ्याच्या दोन हिवाळ्यांच्या कामावर तेच उकळतं पाणी ओतताना हे आठवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "इतकं काही वाईट नाही दिसत. आणि मी काही मुद्दाम केलं नाही." मुद्दाम केलं नाही, हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलं आहे, आणि ते नेहमी ज्याचं नुकसान झालं त्यालाच समजूतदारपणा शिकवायला वापरलेलं असतं.

मी पट्टी उतरवली. "अगं, प्रदर्शन चालू आहे!" त्या म्हणाल्या. मी पिकअपमध्ये पुढे बसून थेट हवल्लीला गेले. उम्म सामीने पाहिलं आणि "हराम, हराम" म्हणजे 'काय हा अन्याय' असं म्हणत कपाळावर हात मारला. मग शेजारच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात जाऊन त्याच्या पेट्यांतला सगळा बर्फ घेऊन आली. सुटलेला रंग वाळायच्या आत बर्फाच्या पाण्यात कापड ठेवलं तर तो परत निघतो. वाळून इस्त्री झाली असेल तर फार आशा नसते. आम्ही मोठ्या टबात बर्फाचं पाणी केलं, पट्टी बुडवली, पाणी गुलाबी झालं की ओतलं, पुन्हा नवं केलं. महादेव टबाशेजारी उकिडवा बसून पाण्याकडे पाहत होता. 

दुसऱ्या दिवसापर्यंत पाच जोड्यांभोवतीचं कापड पांढरं झालं. शेवटच्या दोन जोड्यांवर घडी पडली होती, म्हणून विद्याताईंनी तिथे इस्त्री दाबून फिरवली होती. तो गुलाबी हलला नाही. नव्याने भरायला वेळ नव्हता, त्याचं विमान दोन दिवसांवर होतं.

"खाली जागा आसा," महादेव म्हणाला. "थय लिवूक होया."

मला पटलं. मी चौकटीच्या कागदावर त्याचं नाव काढायला घेतलं, छान वळणदार. त्याने मान हलवली.

"माजा नाव नको. माका सगळे वळखतत. लिवा, बापाशीन केल्यान."

बापाने केलं. मी तेवढीच अक्षरं आखली. त्याने दुकानातच, काचेजवळच्या खुर्चीवर बसून भरायला घेतलं. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत. एक कुवेती बाई आत येऊन उम्म सामीला विचारून गेली की हा माणूस शिकवतो का.

शेवटच्या दुपारी विद्याताई आल्या. हातात चकचकीत खोका, छापील कापडाचं तयार किट, राजहंसांचं. माफी मागायला आल्या होत्या आणि मला वाटतं मनापासून आल्या होत्या. पण म्हणाल्या काय? "महादेव, हे घ्या. बायकोला द्या, तिचा वेळ जाईल."

महादेवने सुई थांबवली नाही. "ती नाय, म्हणान तर मी बसलंय."

विद्याताईंचा चेहरा पडला. खोका त्यांनी टेबलाखाली ठेवला. "मी काही करू का?" त्यांनी मला विचारलं. पट्टी पुठ्ठ्यावर ताणायला दोन माणसं लागतातच. "हे टोक धरा," मी म्हटलं. धरलं. चांगलं घट्ट धरलं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. दोरा इकडून तिकडे जात असताना त्या अगदी जवळून ती अक्षरं वाचत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हे गुलाबी आहे ना, लग्नात सांगा, ओल्या कुंकवाची पावलं आहेत. मुद्दाम तसं केलंय म्हणून सांगा. कोणाला कळणार नाही."

महादेव पुठ्ठा चादरीत गुंडाळून, पोटाशी धरून निघून गेला.

त्या वर्षीच्या मंडळाच्या स्मरणिकेत छापून आलं, 'रुखवत विभागात विशेष उल्लेखनीय : सप्तपदी, एक हितचिंतक भगिनी.' मी कमिटीकडे गेले. "आता छापून झालं हो वहिनी," असं उत्तर मिळालं. पुढच्या अंकात दुरुस्ती द्या म्हटलं, तर म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी? त्या मंडळाने समोशांचे आभार मानायला अर्धं पान दिलं होतं. म्हणून ही दुरुस्ती मी इथे देते आहे, मंडळाच्या स्मरणिकेत नाही, तर या अंकात. ती सप्तपदी महादेवने केली. भगिनी कोणी नव्हती.

लग्नानंतर दोन-तीन दिवसांनी दुकानात त्याचा गावाहून फोन आला होता. पाठीमागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं.

"वयनी, लावलंय! मांडवाच्या तोंडाक लावलंय. मागना कोणी बघूक नाय."

"आणि लोक काय म्हणाले?"

"येवन येवन वाचत होते. व्याही म्हणालो, बापाशीन म्हणजे खरोखर बापाशीन? मी म्हटलंय, तर मगे! हात बघ माजे."

"आणि त्या शेवटच्या दोन जोड्यांची पावलं?" मला राहवेना.

"ती तर सगळ्या बायकांका आवाडली. म्हणतत कशे, वल्या कुंकवाची पावला, काय डोक्या लावल्यास! मुद्दाम केलंस मा?"

"मग हो म्हणालात ना?" मी म्हटलं. तो हो म्हणाला असता तरी माझी हरकत नव्हती. मुलीचं लग्न होतं.

"कित्याक म्हणू?" तो फोनमध्ये जवळजवळ ओरडलाच. "मी सांगलंय सगळ्यांका, बाकीचा सगळा माजा. तो गुलाबी रंग तेवढो माजो न्हय."